वाघाच्या एन्ट्रीचा ढोल

एका जंगलात एक सिनेमा येणार होता.

आला नव्हता हं, बाळांनो. येणार होता. आलेल्या सिनेमाचं कौतुक दोन दिवस टिकतं, येणाऱ्याचं वर्षभर पुरतं. म्हणून शहाणे प्राणी सिनेमा काढायची घाई करत नाहीत. ते आधी बातमी काढतात.

बातम्या काढायचं काम पोपटांकडे होतं. रोज सकाळी ते वडावर बसून ओरडायचे, "सिनेमाचं नाव पौर्णिमेला जाहीर होणार!" पौर्णिमा आली की म्हणायचे, "नाव कधी जाहीर होणार, ते अमावास्येला जाहीर होणार!" सगळं जंगल अमावास्येकडे डोळे लावून बसायचं. माकडांनी तर उपास धरला होता. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ए, मागचा, जांभई देऊ नकोस. आत्ताशी कुठे सुरुवात आहे.

अखेर नाव फुटलं : 'मी आणि माझी डरकाळी'. नायक ढाणोजीराव वाघ. निर्माते ढाणोजीराव वाघ. मूळ कल्पनाही ढाणोजीराव वाघ यांचीच. दिग्दर्शक म्हणून काटेकर नावाचं एक साळिंदर होतं. त्याला कुणी साधी सूचना केली तरी त्याच्या अंगावरचे काटे उभे राहायचे, म्हणून त्याला कुणी सूचना करत नसे. अशाने तो फार थोर दिग्दर्शक झाला होता.

आता प्रश्न उरला संगीताचा. गाण्यांचा नव्हे. गाणी काय, कोकिळेकडे दरवर्षीची तीच चाल तयार असते. प्रश्न होता पार्श्वसंगीताचा. वाघ पडद्यावर येतो तेव्हा मागे काय वाजवायचं?

आणि वाघ येतो तेव्हा काय वाजतं, हे त्या जंगलात एकाच बाईला ठाऊक होतं. ती म्हणजे पाणवठ्यावरची मालन टिटवी.

मालन पाणवठ्याजवळच्या उघड्या माळावर राहायची. तिचं काम एकच. गवतात वाघ दिसला की ओरडायचं, "टिटिव-टिव! टिटिव-टिव!" तो आवाज कानावर पडला की चितळांचा अख्खा कळप शेपट्या वर करून पळायचा. बस. इतकंच. मालनची आई हेच करायची, आजीही हेच करायची. त्याबद्दल कुणी कधी त्यांचे आभार मानले नाहीत. उलट टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असंच सगळे म्हणायचे. जीव वाचलेलेसुद्धा!

काटेकर मालनकडे आला. सोबत त्याने आपला सिनेमा आणला होता. त्यातल्या वाघाच्या दृश्यांखाली त्याने शेजारच्या जंगलातल्या एका जुन्या सिनेमाचे ढोल तात्पुरते चिकटवले होते.

"मालनबाई, हे ऐका," तो म्हणाला. "ढाण्! ढाण्! ढाणाण् धुडूम्! मला हेच हवंय."

"मग हेच ठेवा की."

"छे, छे! हे दुसऱ्याचं आहे. मला हेच हवंय, पण हे नकोय."

हसू नका. हा सिनेमाच्या धंद्यातला सगळ्यात नेहमीचा संवाद आहे.

"काटेकरसाहेब," मालन म्हणाली, "वाघ येताना ढोल वाजत नाहीत हो. आधी रातकिडे गप्प होतात. मग सगळंच गप्प होतं. त्या गप्प होण्यात मी ओरडते. मग पळायचं असतं."

"गप्प?" काटेकरचे काटे हळूहळू वर येऊ लागले. "बाई, प्रेक्षक गप्प बसला की तो विचार करायला लागतो. माझा सिनेमा त्यासाठी नाहीये."

मालन नाहीच म्हणणार होती. पण तिच्या मनात एक गोष्ट आली. त्या वर्षी कळपात पाडसं पुष्कळ झाली होती आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिची हाक कधी ऐकलीच नव्हती. तिला वाटलं, सिनेमा सगळे बघणार. एकदा पडद्यावर वाघ आणि माझी हाक एकत्र आली, की ती पोरांच्या कानात कायमची बसेल. पोरं वाचतील. एवढ्यासाठी बिचारीने होकार दिला.

ही बिचारी काय समजत होती, तुम्हीच सांगा! पण भल्या माणसांची हीच गत असते. कलेतून कुणाचं तरी भलं होईल अशी आशा त्यांना फार लवकर लागते.

पोपट ओरडले, "मोठी बातमी! संगीतकार ठरली! टिटवी काय वाजवणार, हे टिटवीलाही अजून माहीत नाही!"

मालनने जीव ओतून काम केलं. आधी शांतता, मग एकटी हाक. "टिटिव-टिव!" ऐकून काटेकरच्या नाकालासुद्धा घाम आला. मग ते ध्वनिमुद्रण ढाणोजीरावांना ऐकवलं गेलं.

ढाणोजीरावांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण हरणांतलं सगळं कळत होतं.

"फार सुंदर," ते म्हणाले. "मन भरून आलं. फक्त याच्यावर थोडे ढोल घाला."

"किती थोडे?" काटेकरने विचारलं.

"ही हाक ऐकू येणार नाही इतपत. आणि हो, मी पडद्यावर येईन तेव्हा प्रत्येक वेळी ढोल वाजला पाहिजे. प्रत्येक वेळी, काटेकर. रसिकांना सवय लागली पाहिजे."

सिनेमा धबधब्यावर दाखवला. धबधब्यावर सिनेमा कसा दाखवतात, असं विचारू नका. गोष्टीत साळिंदर बोललं तेव्हा विचारलं नाहीत ना? मग धबधबाही चालवून घ्या.

वाघ आला. ढाण्! ढाण्! ढाणाण् धुडूम्! शिट्ट्यांनी रान दणाणून गेलं. मालनची हाक त्यात कुठे होती, ते मालनलाही ऐकू आलं नाही. शेवटी मात्र पाण्यावर तिचं नाव उमटलं, चांगलं मोठ्या अक्षरांत. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि मालनला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग काय विचारता! जो तो ढोलाचा वेडा झाला. पाडसं उठता-बसता ढाणाण् धुडूम् करायची. माकडांनी पोकळ खोडं बडवून बारशांच्या सुपाऱ्या घ्यायला सुरुवात केली. मालनची जिवाभावाची मैत्रीण सगुणा, चितळांच्या कळपातली दोन पाडसांची आई, ती तर पाण्याला जाताना हीच चाल गुणगुणायची. "नाव काढलंस हो मालन," असं ती जो भेटेल त्याच्यासमोर म्हणायची.

एके दिवशी संध्याकाळी सगुणा पाणवठ्यावर आली. रातकिडे गप्प झाले. पलीकडचं गवत वारा नसताना हललं. मालनला त्यात पट्टे दिसले.

"टिटिव-टिव! टिटिव-टिव! सगुणा, पळ!"

सगुणाने मान वर केली. ढोल वाजतोय का ते तिने कान टवकारून ऐकलं. वाजत नव्हता.

"अगं, काय हे ओरडणं!" ती हसून म्हणाली. "मालन, हल्ली तुझा रियाज कमी पडतोय हो. आणि वाघ यायचा असता तर ढोल नसता का वाजला?"

एवढं बोलून ती पुन्हा पाण्याकडे वाकली. तिचं ते पाणी प्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. कळपाचे म्होरके शिंगाडेअण्णा बोलायला उभे राहिले. त्यांची शिंगं जंगलात सर्वांत मोठी होती, त्यामुळे त्यांचं म्हणणंही मोठं धरलं जायचं.

"सगुणावहिनी गेल्या," अण्णा म्हणाले. "जबाबदार कोण? मी नाव घेणार नाही. पण मालनबाईंनी त्या वेळी ढोल का वाजवला नाही?"

"अण्णा, मी ओरडले होते!" मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. "घसा फुटेस्तोवर ओरडले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

"ऐकलं ना. पण त्यात काही दम नव्हता. आम्ही पडलो साधे प्रेक्षक. आम्हाला मागे ढोल असल्याशिवाय समोर काय चाललंय ते कळत नाही."

"सिनेमाच्या आधी कळत होतं की!"

"तेव्हा आमची अभिरुची कच्ची होती," अण्णा म्हणाले आणि कळपाने माना डोलावल्या.

वडावर पोपट ओरडत होते, "पाणवठ्यावरच्या दृश्यात संगीत कमी पडलं! रसिक नाराज!"

मालन त्या रात्री सगुणाच्या पाडसांजवळ बसून राहिली. दोघं एकमेकांना चिकटून झोपली होती आणि झोपेतही त्यांचे कान हलत होते. तिला रडू आवरेना. ती स्वतःशीच म्हणाली, जळो माझी हाक आणि जळो माझं शास्त्र. यांना ढोल कळतो ना? मग ढोल तर ढोल. यापुढे वाघ दिसला की ढोलच वाजवायचा. पण यातलं एकही जनावर आता जाता कामा नये.

सकाळी तिने माकडांना बोलावलं. पोकळ खोडं पाणवठ्याभोवती मांडली. वाघ दिसला की ती पंख उचलेल आणि माकडांनी बडवायला लागायचं, असं ठरलं. शिंगाडेअण्णांनी जातीने येऊन पाहणी केली. "आता आमची काळजी मिटली," असं म्हणून ते गेले.

चार दिवसांनी ढाणोजीराव आले. मालनने त्यांना लांबूनच पाहिलं आणि पंख उचलला.

ढाण्! ढाण्! ढाणाण् धुडूम्!

कळपाने माना वर केल्या. चरणारी चरायची थांबली, बसलेली उठली.

"आला! आला रे आला!" पहिली आरोळी शिंगाडेअण्णांचीच होती.

आणि सगळा कळप धावत सुटला. बाळांनो, कुठल्या दिशेने धावला असेल? बरोबर. ढोलाच्या दिशेने. पाडसं पुढे, म्हातारी मागे. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी पळसाची फुलं उधळत होतं. शिंगाडेअण्णा सर्वांच्या पुढे मागच्या दोन पायांवर नाचत होते. माकडांना इतका जोर चढला की त्यांना थांबवायला मालनने पंख खाली केला, तेही त्यांना दिसलं नाही.

"पळा! अरे, पळा! खराखुरा वाघ आहे!" मालन ओरडत होती. ढोलात ते कुणाला ऐकू जाणार!

ढाणोजीराव जागेवर उभे राहिले. त्यांना धावायची गरजच नव्हती. त्यांनी मिशा सारख्या केल्या, जमलेल्या रसिकांना पंजा हलवून नमस्कार केला आणि तोच पंजा शिंगाडेअण्णांच्या मानेवर ठेवला.

असं दृश्य कळपाने पडद्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग कळपातून एकच आवाज उठला, "वन्स मोअर!"

ढाणोजीराव मोठ्या मनाचे. रसिकांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेला येतं) : संकटाची सूचना नेहमी तालात द्यावी. त्याने कुणी वाचत नाही, पण जाणारा निदान नाचत जातो आणि मागे राहिलेल्यांना संगीत आवडतं.