एकच रक्त, एकच डोकं

गुन्वोरच्या हातून आठवड्यात दोनदा दूध करपलं, तेव्हा मुलगा लेनार्ट म्हणाला, "आई, गुरुवारी परिचारिका तपासायला येतेय ना? तिचं ऐकून ठरवू. ती नको म्हणाली तर घर विकून तुला वृद्धाश्रमात ठेवू."

घर विकायचं! चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुन्वोरला ते मुळीच मान्य नव्हतं. परिचारिका मार्गरेता त्या भागातल्या ऐंशीपुढच्या जुळ्यांची परीक्षा घेत हिंडायची. म्हातारपणी डोकं किती रक्तातून येतं नि किती जगण्यातून, हे म्हणे मोठ्या डॉक्टरांना शोधायचं होतं.

गुन्वोरनं जुळ्या बहिणीला, टोरबोर्गला, गाठलं. "माझ्या जागी तू बस. रक्त एकच, डोकं एकच. कोण बसलं यानं काय बिघडतंय?"

"बसते की!" टोरबोर्ग म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाहीत. गुन्वोरला बहिणीचं फार कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी टोरबोर्ग गुन्वोरचा स्वेटर घालून गुन्वोरच्याच टेबलाशी बसली. पाहुणीसाठी रीतीप्रमाणे कॉफी आणि सात तऱ्हेची बिस्किटं मांडली होती. खरी गुन्वोर शेजारच्या कोठीच्या खोलीत, दाराला कान लावून.

"आजी, मी दहा वस्तू सांगते, लक्षात ठेवा. कंदील, साबण, घोडा..."

मग थोड्या गप्पा झाल्या. "आता सांगा बरं त्या वस्तू."

टोरबोर्गनं छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग तिची नजर तबकावर गेली. "बदामाचं बिस्किट," ती ठामपणे म्हणाली. "दालचिनीचं. जॅमचं..."

'कंदील, साबण, घोडा, कात्री!' आत गुन्वोरच्या जिभेवर दहाच्या दहा वस्तू नाचत होत्या. बाहेर बिस्किटंसुद्धा सहावरच संपली.

"आज महिना कोणता?"

"कॉफी आणखी घेतेस का गं?"

गुन्वोर मटकन पिठाच्या डब्यावर बसली. अगं बाई, हिचं हे कधीपासून? आणि मी दुधाचं रडत बसले!

मार्गरेता गेल्यावर गुन्वोरनं दार उघडलं. टोरबोर्ग सातवं बिस्किट खात होती. "झकास झालं बघ! आता दुपारी माझी परीक्षा, तेव्हा माझ्या घरी माझ्या जागी तू बसायचं. फिट्टंफाट."

"म्हणून तू लगेच हो म्हणालीस?"

"मला भीती वाटते गं," टोरबोर्ग हळूच म्हणाली.

गुन्वोरनं बहिणीचा कोट चढवला आणि घराची आशा सोडून तिच्या घरी जाऊन बसली. दहाच्या दहा वस्तू सांगितल्या, महिना सांगितला, वर तारीखही सांगितली.

मार्गरेतानं कागद मिटले. "टोरबोर्गआजी, तुमचं डोकं खणखणीत आहे. पण बहिणीला जपा हं. तिनं एकटीनं राहणं बरं नाही. लेनार्टनं विचारलं तर मी हेच सांगणार."

गुन्वोरनं डोळे पुसले.

"एकटी कशाला राहील?" ती म्हणाली. "सामान बांधायला घेतलंय मी. आजपासून आम्ही दोघी गुन्वोरच्याच घरी राहणार. सांग लेनार्टला, घर विकायचं नाही."