तिसऱ्यांदा हाताने नाही

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात कोणी एकच काम तिसऱ्यांदा हाताने करायला लागलं, की मागून आवाज यायचा, "काहून?"

हे आमचे मेश्रामसाहेब. मूळ नागपूरचे, मुक्काम बिबवेवाडी. दोनशे फायलींत एक नाव बदलायचं होतं आणि मी बापडी एकेक फाइल उघडत बसले होते. "मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?" म्हणत त्यांनी चार ओळी टाइप केल्या, एन्टर दाबलं. झालं काम! माझे दोन दिवस वाचले, आणि ते कसे घालवायचे हा नवाच प्रश्न उभा राहिला.

नियम एकच, "आधी कॉपी, मग काडी." फायलींची प्रत काढून ठेवल्याशिवाय ते कोणाला प्रोग्राम चालवू देत नसत.

कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यांनी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर सोय केली होती. पावणेसहाला पडद्यावर झळकायचं, 'पिशवी उचला, बस सुटून राहिली.' एकदा परदेशी पाहुण्यांसमोर मोठे साहेब भाषण ठोकत असताना मागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते झळकलं. साहेब लालबुंद. मेश्राम शांतपणे म्हणाले, "वेळ तर बरोबर होती."

असा हा माणूस जेवणाच्या सुट्टीत मात्र फोटोंना हाताने नावं देत बसायचा. बायकोचे, शोभाताईंचे फोटो. त्या जाऊन वर्ष झालं होतं, घरी दुसरं कोणी नाही. 'शोभा, पर्वती, दम लागला.' 'शोभा, माझ्यावर चिडलेली.' अकराशे फोटो, दिवसाला दोन-तीन नावं!

मला राहवेना. एकदा ते चहाला गेले, तेव्हा मी त्यांच्याच चार ओळी थोड्या बदलून त्या फोटोंवर चालवल्या. शोभा-१, शोभा-२, थेट शोभा-११०० पर्यंत. गुरुजी खूश होतील म्हणून मी ऐटीत उभी.

ते आले. यादी शेवटच्या फोटोपर्यंत सरकवून बघितली.

"छान लिहिलंत, मॅडम. एक चूक नाही," म्हणाले. "कॉपी काढली होती?"

अरे देवा! त्यांनी दिलेली सगळी नावं गेली होती.

त्यांनी खणातून सीडी काढली. सकाळपर्यंतची प्रत होती. शोभाताई पुन्हा पर्वतीवर दमल्या, पुन्हा चिडल्या. मला रडूच आलं.

"मला वाटलं, तुमचा वेळ वाचेल," मी पुटपुटले.

"वाचलेला वेळ घेऊन घरी काय करू, मॅडम?" ते म्हणाले. "हे संपलं, की मग काय?"

त्यांनी पुढचा फोटो उघडला. शोभाताई गॅलरीत, हातात तांदूळ पाखडायचं सूप, हसताहेत.

"आता ह्याला काय नाव द्यावं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. त्या दिवशी आमचा तो एकच फोटो झाला.