अश्विनची इमानदार पट्टी

"माही पट्टी इमानदार हाये, माय! ताप चढला तरच औषध सोडते. नाही तर कोणाच्या बापाले ऐकत नाही!"

अश्विन तेलगोटे आईला घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघाला होता, पीएचडीच्या तोंडी परीक्षेला. पट्टी दंडावर चिकटवायची. अंग एकोणचाळीस डिग्रीला गेलं की आतला जेल विरघळणार अन् औषध सुटणार. वर्षानुवर्षं एसीत बसून घडवलेला जेल तो! आज सही झाली की डॉक्टर. आई दुर्गाबाईंनी तर दारावर 'डॉ. अश्विन' अशी पाटी कालच ठोकून घेतली होती.

कॉलेजच्या एसी हॉलमध्ये अश्विननं पुण्याच्या परीक्षकांच्या अन् विभागप्रमुख खुशालरावांच्या दंडावर पट्ट्या लावल्या. औषधाऐवजी आत लाल रंग होता, सुटला तर दिसावा म्हणून. तासभर झाला, थेंब नाही!

"उत्तम! आपल्या दोघांना ताप नाही, म्हणून पट्टी गप्प," खुशालराव परीक्षकांना म्हणाले.

परीक्षकांनी पेन काढलं. तेवढ्यात दुर्गाबाई दारात.

"आधी जेवा जी! उपाशी माणसाची सही वाकडी येते."

परीक्षकांना जेवू घालायचा रिवाजच आहे, पण सहीनंतर! अश्विननं डोळे वटारले. माय कुठली ऐकते! कणकेचे जाड रोडगे भाजले होते कॉलेजच्या गच्चीवर, गोवऱ्यांच्या धगधगत्या जगऱ्यात. मे महिना, अकोला, भर दुपार!

"गरमच खा लागतात, या इकडं, जगऱ्यापाशी बसा!"

पहिलाच घास तोंडात गेला अन् परीक्षकांची पांढरी बाही लाल झाली. मग खांदा, मग खिसा. खुशालरावांचा सदराही तसाच.

"अगा बाप्पा! साहेबाले लागलं!" म्हणत दुर्गाबाईंनी कढीचं पातेलं सोडून थेट हळदीचा डबाच त्यांच्या दंडावर उपडा केला. लालावर पिवळं!

"तुमच्या पट्टीला आम्ही तापानं फणफणलेलो वाटतो का?" परीक्षक ओरडले.

"नाही सर... ताप अकोल्यालेच हाये," अश्विन पुटपुटला.

"मग ताप आणि अकोला यांतला फरक शिकवा तिला. डिसेंबरात या!" पेन खिशात गेलं, तेही लाल खिशात.

अश्विनला रडूच फुटलं. दुर्गाबाई मात्र खूश. "बरंच झालं, बावा! थंडीत रोडगे चांगले लागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी लाजेनं त्यानं पाटीवरच्या 'डॉ.'वर उरलेली पट्टी चिकटवली. दुपारी दारावर ऊन आलं. पट्टी इमानदारच हो! विरघळली, गळून पडली, अन् 'डॉ.' पुन्हा साऱ्या गल्लीला दिसू लागलं, लालभडक!