उंबार्लीची टेकडी पाय न टेकता उतरल्याची हकीकत

श्री गजानन, श्री कुलस्वामिनी आणि पार्किंगचे वाटप ज्यांचे हाती ते सोसायटीचे सेक्रेटरी, या तिघांस प्रथम वंदन करोन ही हकीकत लिहिण्यात येते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध दशमीचे दिवशी, मौजे डोंबिवली, तर्फ पूर्व, येथील स्नेहवर्धन सोसायटीचे रहिवासी राजमान्य राजेश्री सलिलराव यांनी उंबार्लीची टेकडी सायकलीवर आरूढ होवोन, पाय भुईस न लावता, उतरोन फत्ते केली. याविषयी पुढे लोक नाना तऱ्हेने बोलतील, काही तर आत्ताच बोलतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर डोळ्यांतून पाणी येईतो हसणारी तोंडे टाकतात. म्हणोन खरे काय जाले ते लिहोन ठेवणे प्राप्त आहे. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे राजांचे अब्रूस्तव घातले.

सलिलराजे वयाने त्रेचाळीस, कदाने माफक, आणि विमा कंपनीच्या दरबारी दुसऱ्यांच्या अपघातांचे अर्ज नामंजूर करण्याच्या कामी बहुत नामांकित. त्यांच्या मातुःश्री सुमतीबाई. आणि राणीसाहेब हेमांगीबाई, ज्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळत आणि राजांहून चांगल्या चार बोटे उंच, येणेकरोन लग्नात फोटोग्राफरने राजांस पाटावर उभे करोन इभ्रत राखिली होती. ऐशा सुखवस्तू दौलतीत राजांचे स्वतःचे म्हणावे ऐसे काय होते? टीव्ही मातुःश्रींचे अमलाखाली, कपाटे राणीसाहेबांकडे, आणि राजांकडे जुन्या चार्जरांचा एक खण, तोही पुरता उघडत नसे. मनात सल होता, तो राजे कोणास बोलत नसत.

आणि मग भाद्रपदात दरबारातील सहकारी सिल्व्हेस्टर, राहणार ठाणे, दर रविवारी येऊरच्या रानवाटांवर सायकल घालणारा, याने डबा खाता खाता चिखलाने माखलेला आपला फोटो दाखविला. तो पाहताच राजांचे चित्त उडाले आणि डोंगरी सायकल घ्यावी ऐसा दृढ निश्चय जाला. सिल्व्हेस्टर भला माणूस, त्याने मसलत दिली, की आधी भाड्याची घे, महिनाभर चालव, आणि घेशील तेव्हा माप बघून घे. दांड्याच्या दोहो बाजूंस पाय टाकोन उभे राहिल्यावर दांडा आणि माणूस यांमध्ये चांगली जागा राहिली पाहिजे, ते सर्वांत आधी, रंग आणि गिअर मागाहून. राजांनी मसलत मान डोलावून ऐकली. मान डोलावणे हे ऐकल्याचे लक्षण मानू नये.

दुकानी गेले तो तेथे गणपतीचा सेल लागलेला. आणि स्मॉल, मीडियम, लार्ज, तिन्ही मापांची किंमत एकच. येथे राजांचे रक्तात जे पिढीजात शहाणपण होते ते उसळोन वर आले. त्याच भावात मोठी सायकल मिळत असता लहान घेणारा काय खुळा आहे? राजांचे बालपणीचे गणवेश, बूट, मुंजीतील सोवळेदेखील मातुःश्रींनी वाढत्या अंगाचेच घेतले होते, आणि तोच दस्तुर पुढे चालवोन राजांनी लार्ज उचलली. अंग वाढते होते हे खरे, परंतु ते पोटाकडे. उंचीकडे वाढणे पंचवीस वर्षांमागे बंद पडले होते. त्याखेरीज हनुवटीसकट शिर झाकणारे हेल्मेट, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचे, गॉगल, हातमोजे आणि पाठीवर पाण्याची पखाल, जिची नळी थेट मुखी येते, इतका सरंजाम खरेदी जाला. सिल्व्हेस्टरने हे सर्व पाहोन एकच सवाल केला.

"डोकं झाकलंस, गुडघे झाकलेस, एक नंबर. पण सायकल कोणासाठी घेतलीस रे?"

राजांनी तो सवाल नामंजूर केला.

यापुढे रोज पहाटे राजे सोसायटीच्या कठड्यावर चढोन तेथून सायकलीवर आरूढ होत. उतरण्यास पुन्हा एखादा कठडा, फूटपाथ किंवा उभी रिक्षा पाहावी लागे, कारण खोगिरावरून राजांचे पाऊल भुईस पोचत नसे. आणि रिक्षा वेळेवर न मिळाल्यास राजे जेथे असत तेथेच आडवे होत. त्यात ब्रेक ऐसा किंचाळे की बी विंगेतील तान्ही मुले उठत. सिल्व्हेस्टर दर शनिवारी ठाण्याहून येवोन उंबार्लीच्या टेकडीवर तालीम देई. उतारावर खोगिरावर बसायचे नाही, दोन्ही पेडल समपातळीत धरोन उभे राहायचे. कोपरे सैल, बूड मागे. नजर पुढच्या वळणावर ठेवायची, दगडाकडे पाहिले की चाक दगडावरच जाते. ब्रेक एका बोटाने, हळूच, वळणाच्या आधी. आणि चाकातील ब्रेकच्या चकतीस बोटदेखील लावायचे नाही, कारण चकती तेलकट जाली की ब्रेक गेलाच म्हणोन समजावे. राजांनी हे सारे मुखोद्गत केले, कचेरीत दुसऱ्यांस शिकविलेही, आणि टेकडी मात्र खोगिरापुढे दांड्यावर सरकोन, दोहो बाजूंस पाय घासत, कोळ्याच्या चालीने, उतरत राहिले. खाली आल्यावर हेल्मेटसकट फोटो काढोन ग्रुपवर जात असे आणि खाली वाहवा पडत असे.

हे कपट राणीसाहेबांनी ओळखिले. सायकलीने त्यांची गॅलरी बळकाविली होती, कपडे वाळत घालण्याचा स्टँड हॉलात हद्दपार जाला होता आणि येणारा पाहुणा प्रथम राजांच्या बनियनांस भेटत असे. एके दिवशी त्यांनी राजांचे बूट उलटे करोन पाहिले, तो तळ झिजोन मोजे दिसू लागलेले.

"सलिल, सायकल चालवून कुणाच्या बुटांचे तळ झिजतात रे?"

राजांनी बूट काढोन घेवोन पलंगाखाली सारिले. तेव्हा फर्मान सुटले, ते ऐसे: दसऱ्याचे दिवशी राजांनी टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सायकलीवरून उतरावे, खाली आम्ही जातीने उभे राहू, आणि वाटेत एकदा जरी पाय भुईस लागला तरी त्याच संध्याकाळी सायकल ऑनलाइन विक्रीस लावोन गॅलरी आमचे स्वाधीन करावी. राजे कबूल म्हणाले. परंतु त्या रात्री ते गॅलरीत सायकलीचे हँडल धरोन उगाच उभे राहिले, आणि येथे बखरकारासही थोडे वाईट वाटले. घरातली एकच वस्तू राजांची होती, आणि तीवर राजांस बसता येत नव्हते.

दसरा उगवला. मातुःश्रींनी पाटावर शिलाई मशीन, विळी, राजांचा कचेरीचा लॅपटॉप आणि सर्वांपुढे सायकल ऐसी मांडणी केली, हँडलास झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेविले. हळदकुंकू लावता लावता त्यांस त्या किंचाळणाऱ्या ब्रेकाचे स्मरण जाले. लेकराची आज परीक्षा, आणि सायकल ऐसी रडते, हे मातेच्या काळजास कैसे सोसावे? चाळीस वर्षे शिवणकाम केलेली बाई. जे वाजते त्यास तेल हवे, हे त्यांस कोणी शिकवावे लागत नव्हते. मशीनच्या तेलाची कुपी त्यांनी उचलिली आणि दोन्ही चाकांच्या चकत्यांवर, पुढून आणि मागून, सढळ हाते तेल सोडिले, वर फडक्याने सारखे केले. राजांनी सायकल लिंबावरून पुढे ढकलिली, ब्रेक दाबोन पाहिला, तो सायकल चकार शब्द बोलेना. देवी प्रसन्न जाली ऐसे राजांस वाटले, आणि त्यांनी मातुःश्रींचे पाय धरिले.

इतक्यात सिल्व्हेस्टर आपली मोटार आणि पान्यांची पिशवी घेवोन हजर जाला. त्याचा बेत खोगीर खाली घ्यावे आणि ब्रेक एकवार तपासावे ऐसा होता. परंतु पिशवी दारातच जप्त जाली, पान्यांस हळदकुंकू लागले आणि ते विळीशेजारी पाटावर स्थानापन्न जाले.

"काकू, फक्त दोन मिनिटं पाना द्या. सीट खाली घ्यायचीय, ब्रेक बघायचेत."

"अरे, आज अवजारांना हात लावायचा नसतो. ती पूजेत बसलीयत. तू श्रीखंड घे. आणि ब्रेकची काळजी करू नकोस, त्याचं मी सगळं बघितलंय."

ज्याच्या वाटीत श्रीखंड पडले त्याने वाद कैसा घालावा? सायकल मोटारीच्या टपावर सिल्व्हेस्टरच्या सायकलीशेजारी चढली आणि सीमोल्लंघनास कूच जाले.

टेकडीवर चढताना राजे सायकल ढकलत गेले. फर्मान उतरण्याविषयी होते, चढण्याविषयी नव्हते, आणि क्लेमच्या कलमांतील ऐशा फटी राजांस उत्तम कळत. माथ्यावरून एमआयडीसीची धुराडी दिसत होती, पलीकडे मलंगगड, आणि पायथ्याशी, जेथे पायवाट रस्त्यास मिळते तेथे, स्कूटीपाशी उभ्या राणीसाहेबांची पिवळी ओढणी. त्यांच्या बाजूस गावची मीराबाई आपट्याच्या फांद्यांचा माणसाएवढा ढीग लावोन सोने विकीत बसली होती. राजे एका खडकावर चढले, तेथून सायकलीवर आरूढ जाले, आणि कुलस्वामिनीचे नाव घेवोन त्यांनी खडक सोडिला.

पहिले वळण बरे गेले. दुसऱ्या वळणाआधी राजांनी शिकविल्याप्रमाणे एका बोटाने ब्रेक दाबिला, तो काही जाले नाही. मग दोन बोटांनी, मग सर्व बोटांनी, तरीही काही नाही, सायकल तुपावरून चालल्यासारखी चालली. तेव्हा राजांनी प्रतिज्ञा, गॅलरी, इभ्रत सर्व सोडिले आणि पाय टेकण्याचा विचार पक्का केला. परंतु खोगिरावरून पाय पोचेना, आणि त्या वेगात दांड्यावर सरकवेना! लार्ज सायकलीने आणि पूजेत बसलेल्या पान्यांनी मिळोन राजांचे वचन राखिले.

"ब्रेक नाहीयेत! बाजूला व्हा, ब्रेक नाहीयेत!" ऐसे राजे गर्जले, आणि दुर्बिणी लावोन पक्षी पाहणारे दोन गृहस्थ पक्ष्यांसारखेच उडाले.

मागून सिल्व्हेस्टर आपल्या सायकलीवरून ओरडत येत होता, "सलिल, लांब बघ रे! दगडाकडे बघू नको! उभा राहा!"

आणि येथे ते घडले जे महिनाभराच्या तालमीत घडले नव्हते. बसावे तर खोगीर उसळोन मारी, म्हणोन राजे पेडलांवर उभे राहिले. भीतीने बूड आपोआप मागे गेले. आणि दगडांकडे पाहावेना म्हणोन नजर लांब त्या पिवळ्या ओढणीवर लागली. चाक आपली वाट आपण काढू लागले. पुढची दोन वळणे सलिलराजे खरोखर सुरेख उतरले. वारा कानी लागला, आणि त्रेचाळीस वर्षांत प्रथमच राजांस वाटले, की हा मी आहे, आणि हे मला येते. हे वाटणे खरे होते. त्यास कोणी हसू नये.

मग वाट संपली. समोर रस्ता, डावीकडे राणीसाहेब, उजवीकडे सोने. राजांनी क्षणात निर्णय केला आणि सोन्यावर चाल केली. ढीग फुटला, पाने आभाळी गेली आणि सावकाश खाली येवोन राजांवर बसली.

"आरं, डोले फुटले का तुजे?" मीराबाई उठली. "सगला सोना माजा तुरवलास की रं!"

राजे ढिगात उताणे, दोन्ही पाय वर. राणीसाहेब धावत आल्या, प्रथम कोपर पाहिले, मग मान, मग हेल्मेट काढोन कपाळावर हात ठेविला. राजे धड आहेत ऐसी खात्री पटताच त्यांनी आवाज कडक करोन विचारले, "पाय?"

सिल्व्हेस्टरने साक्ष दिली. "नाही टेकला, हेमांगी. मी मागेच होतो. आधी बूड टेकलं, मग पाठ, मग डोकं. पाय अजून वरच आहेत, बघ ना."

राणीसाहेब हसल्या, ते डोळ्यांस पाणी येईतो हसल्या, आणि मग पाणी पुसणे लांबले. सिल्व्हेस्टरने चकतीस बोट लावोन वास घेतला, तेलकट बोट दाखविले. तेल कोणाचे हे तिघांसही एकदम कळले. तेव्हा तेथेच नवे फर्मान सुटले, की यातले अक्षर आईंना कळता कामा नये, त्यांच्या पूजेनेच फत्ते जाली ऐसेच सांगावे. हे फर्मान सर्वांनी मस्तकी धरिले. मोडलेले सारे सोने राजांनी विकत घेतले, मीराबाईने राग सोडोन राजांस चार पाने फुकट दिली, आणि दसऱ्याचे सोने लुटल्याचा मान येणेप्रमाणे पुरा जाला.

आणि मग राणीसाहेबांनी सायकल उचलिली, वाकडे हँडल गुडघ्यांत धरोन सरळ केले, आणि कठडा, खडक, रिक्षा काहीही न शोधता सहज टांग टाकली. खाली जागा बरोबर राहिली. सपाट रस्त्यावर दहा हात जावोन त्यांनी दोन्ही पाय टेकले, आणि सायकल उभी राहिली. ब्रेकाची गरजच पडली नाही.

"अरे सलिल, ही तर माझ्या मापाची आहे," त्या म्हणाल्या. मग सिल्व्हेस्टरकडे वळोन, "येऊरला रविवारी किती वाजता निघता तुम्ही लोक?"

सबब नोंद ऐसी. टेकडी सलिलराजांनी जिंकली. गॅलरीतील सायकलीचे ठाणे कायम जाले. सायकल आजपासून हेमांगीबाईसाहेबांची. राजांकरिता स्मॉल मापाची दुसरी पाहावी, पूजा उठल्यावर. बाईसाहेब गिअरांची चर्चा करीत सिल्व्हेस्टरच्या मोटारीतून पुढे गेल्या, आणि राजे सोन्याचे पोते पुढ्यात घेवोन, हनुवटीसकट हेल्मेट घालोन, स्कूटीवरून मागाहून निघाले. मानपाडा रस्त्याच्या सिग्नलास लाल दिवा लागला. राजांनी ब्रेक दाबिला, तो लागला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि दोन्ही पाय, टाचांसकट, भुईस टेकले. आणि दिवा हिरवा जाला, मागचे हॉर्न वाजू लागले, तरी राजांनी ते लगेच उचलिले नाहीत.