पाव्हण्यांच्या पायाशी खजिना

आमच्या शेजारचे दत्तूअण्णा माणसांना कधी नमस्कार करीत नसत, पण दिवाळीच्या सुमारास खाडीवर कुरव पक्षी उतरले की कोट-टोपी घालून बंदरावर जात आणि त्या पांढऱ्या पाखरांना हात जोडून म्हणत, "या, पाव्हणे. प्रवास कसा झाला?" हे मी बदली होऊन पनवेलला आलो त्याच आठवड्यात पाहिलं आणि बिऱ्हाड बदलावं की काय, असा विचार केला.

अण्णांचा जन्म मिठागरांवर देखरेख करण्यात गेला होता. मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाच्या भरतीला, आणि उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येला. त्यामुळे एकही उपास न करणारा हा माणूस उठताबसता तिथी सांगे. मंगळवार, बुधवार वगैरे त्यांच्या मते कचेऱ्यांनी काढलेली खुळं होती. कोणी "रविवारी येतो" म्हटलं की ते म्हणत, "तिथी सांगा, तिथी. वाराने काय भरती येते?"

अशा अण्णांनी त्या कार्तिकात आळीतल्या सगळ्यांना सोयीचा रविवार विचारून घेतला आणि सहकुटुंब आमंत्रण दिलं. खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बेट आहे, तिथे त्यांनी खजिना पुरलाय. खुणा ते तोंडी सांगतील, सापडेल त्याचा. "पाव्हण्यांची ओळख होईल," असंही ते म्हणाले, पण खजिना हा शब्द ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकलं नाही. मिठागरातला माणूस, काय काय सापडलं असेल, यावर आळीत चार दिवस चर्चा झाली. रविवारी सकाळी आळीतले वकीलसाहेब चक्क कुदळ घेऊन होडीत बसले. त्यांच्या पत्नीने स्टोव्ह आणि पोहे घेतले होते.

बेटावर उतरताच अण्णांनी पहिली खूण सांगितली. "मासा असून चिखलात चालतो, त्याच्या दारावरून डावीकडे."

चिखलातले ते मासे, निवट्या, समोरच उड्या मारत चालल्या होत्या, पण वकीलसाहेब थेट खणायला लागले. दुसरी खूण होती, एकच हात हलवून बोलावणारा. वकीलसाहेबांना तो होडीवाला धर्मा तांडेल वाटला. त्यांच्या धाकट्या मुलीला मात्र बिळाच्या तोंडाशी एक मोठी नांगी हलवणारा खेकडा दिसला आणि तिने त्याला उलट हात केला. अण्णा इतके खूश झाले, की त्यांनी तिसरी खूण तिच्या कानात सांगितली, "पाव्हण्यांच्या पायाशी."

रेतीच्या लांब पट्ट्यावर कुरव बसले होते. आम्ही सगळे तिकडे धावलो, तोवर पट्टा अर्धा पाण्याखाली गेला होता. बघता बघता उरलेलाही गेला आणि पाखरांचा थवाच्या थवा आमच्या डोक्यांवरून उठला. सगळे माना वर करून बघत राहिले. अण्णा गुडघाभर पाण्यात हात जोडून उभे होते.

"पौर्णिमा आहे आज," वकीलसाहेब कुदळ आपटत म्हणाले. "उठल्यासुटल्या तिथी सांगणाऱ्याला उधाण कळू नये?" परतीच्या वाटेवर ते पोहे खाताखाता हेच बोलत होते.

मी मागे धर्माजवळ बसलो होतो. तो हळूच म्हणाला, "त्यांना कलत व्हतं, सायेब. मीबी बोललो, अष्टमीला ठेवा, दुपारी पानी नसतं. तर बोलले, गेल्या साली अष्टमीच व्हती, पन बुधवार. कोन आलाच नाय. एकलेच बसले व्हते बेटावर. खजिन्याच्या पेटीतले लाडू पाखरांना घातले. त्यांनीच वलले व्हते, घरात कोन हाय करायला? या साली बोलले, पाखरं तिथी बघतात, मानसं वार बघतात. पेटी बुडली तर बुडूं दे."

पुढे होडीच्या टोकाला, नाळेवर, अण्णा पाठमोरे बसले होते. ओला कोट मांडीवर घडी करून ठेवला होता.

बंदरावर उतरल्यावर ते प्रत्येकाला विचारीत होते, "पुढच्या वर्षी कुठला रविवार सोयीचा?" कोणी "बघू" म्हणालं, कोणी ऐकलंच नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "अण्णा, अष्टमीलाच ठेवा. कुठल्याही वाराला येऊ दे. मी रजा काढतो."

त्यांनी ओला कोट झटकून अंगात घातला. मग म्हणाले, "लाडवात वेलची चालते ना तुम्हाला?"