घडीवांचं बारसं

भोईवाड्यातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मयूर परब शनिवारी सकाळपासून नावांवर अडून बसला होता. वय बत्तीस, नोकरी शिवडीच्या एका गोदामात, आणि जीव अडकलेला एका खेळात. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, एक जण गोष्ट रचत जातो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात आणि कोण जिंकलं ते फासे टाकून ठरवतात, असा तो खेळ. गोष्ट रचायचं काम मयूरचं. "खेळ चालवणाऱ्याने कोणाचीच बाजू घ्यायची नसते," हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला तो हायकोर्टात असतो असं वाटावं.

दादरला हितेंद्रचं खेळांचं दुकान होतं. त्याच्या माळ्यावरचं रविवार दुपारचं टेबल मिळावं म्हणून मयूरने आठ महिने खेटे घातले होते. शेवटी हितेंद्र कंटाळून म्हणाला, "ह्या रविवारी एक खेळ करून दाखव. पब्लिकला मजा आली तर टेबल तुझं. पण अर्ध्या तासात मारामारी पायजे हां. नायतर लोक मोबाइल काढतात."

मारामारीसाठी मयूरने एक अख्खी जमात निर्माण केली होती. तिचं नाव घडीव. एका जादूगाराने दगड, तांबं, लाकूड जोडून घडवलेली, पण श्वास घेणारी, भूक लागणारी माणसं. गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू आणून त्याने त्यांच्या वीतभर उंचीच्या आठ मूर्ती केल्या होत्या आणि वहीत प्रत्येकाचे वीस-वीस प्राण लिहिले होते. वार बसला की प्राण कमी होणार, संपले की घडीव मेला. राहिली होती फक्त नावं. गेल्या खेळात त्याने राक्षसांना अशी नावं दिली होती की दर्शना, त्याच्या गटातली सगळ्यात तिखट खेळाडू, सगळ्यांना सरसकट "ए, तो दुसरा" म्हणत होती. सकाळपासून डोकं खाजवून एकच नाव जमलं होतं. घडीवांचा सरदार, झॅरगॉथ.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून मीराआत्या सोलकढीचा पेला घेऊन आली. सुपात वाळत ठेवलेल्या मूर्ती बघून थांबली.

"हे काय रे?"

"घडीव. जिवंत असतात हे."

"जिवंत? मग नावं काय?"

"ह्याचं झॅरगॉथ."

"कोणी ठेवलं?"

"मीच."

आत्याने पेला खाली ठेवला. "आत्या हयात असताना?"

आता यात तिची काही चूक नव्हती. मुलाचं नाव आत्याने ठेवायचं, ही रीत. आणि मयूरनंतर परबांच्या घरात पाळणाच हलला नव्हता. मयूरला बहीण नाही, म्हणजे त्याच्या पोरांची नावंही हिनेच ठेवायची, पण लग्नाचं नाव काढलं की तो फासे घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे बत्तीस वर्षं आत्याचा हक्क नुसता पडून होता. मयूरला ते पाहून वाईट वाटलं आणि वाईट वाटण्याच्या भरात तो चुकला. "बरं, मग एकाचं तू ठेव," तो म्हणाला.

"एकाचं कसं? बारसं करायचं तर सगळ्यांचं."

पण बारशात आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि त्याच क्षणी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आत्याला मणक्याचा त्रास. झॅरगॉथ सोडला तरी सात वेळा धपाटे खाणं शक्य नव्हतं. म्हणून तिने मजल्यावरच्या सात बायकांना सात आत्या नेमलं, आणि संध्याकाळी पाचला मयूरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. गॅसवर घुगऱ्या शिजत होत्या.

मग मयूरच्या लक्षात आलं की प्रत्येकीकडे एक न वापरलेलं नाव आहे. शेजारच्या सुनेत्राकाकूंना नातवाचं नाव सोपानदेव ठेवायचं होतं. सुनेने मोबाइलमधून रेयांश काढलं. ते सोपानदेव त्यांनी आज चार हातांच्या तांब्याच्या घडीवाच्या कानात सांगितलं आणि पाठीत धपाटे बसत असताना डोळे पुसले. कोपऱ्यातल्या खोलीतल्या शकूताईंनी पोटात जपलेलं जिजा हे नाव लाकडाच्या घडीवाला दिलं. एका म्हातारीने दगडाच्या घडीवाचं धोंडू ठेवलं. "धोंडू ठेवला की यम त्या वाटेला फिरकत नाय," ती म्हणाली.

मयूर खूश होऊन लिहून घेत होता. ही नावं दर्शनालाही उच्चारता आली असती.

"तुझं कुठलं, आत्ये?" त्याने विचारलं. "झॅरगॉथचं बदलूया का?"

"माझं राहू दे. त्याला तू नाव दिलंयस ना, मग त्याचं तूच बघ." ती घुगऱ्या वाढायला उठली. "आणि उद्या ही पोरं कुठे जायची?"

"दादरला. खेळात."

"मग आम्ही पण येतो बघायला."

ही पोरं उद्या मरण्यासाठीच घडवलेली आहेत, हे तोंडात घुगऱ्या असलेल्या आठ बायकांना सांगायची हिंमत मयूरला झाली नाही.

रविवारी हितेंद्रच्या माळ्यावर खेळाडूंच्या मागे आठ बायका ठेवणीतल्या साड्या नेसून डबे मांडीवर घेऊन बसल्या. हितेंद्र घड्याळ बघत जिन्यात उभा होता. विसाव्या मिनिटाला दर्शनाने तलवार उपसली.

"तो चार हातांचा. मी त्याच्यावर वार करते." तिने वीस बाजूंचा फासा टाकला. वीस पडले. याहून मोठं दान नाही.

"का गं," मागून सुनेत्राकाकूंचा आवाज आला, "त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"काकू, राक्षस आहे तो."

"सोपानदेव आहे. काल बारसं झालंय त्याचं. घे, घुगऱ्या खा."

दर्शनाने घुगऱ्या घेतल्या आणि दगडाच्या घडीवाकडे वळली. तो धोंडू निघाला, आणि त्याची आत्या सत्त्याऐंशी वर्षांची होती. तिसऱ्याकडे वळली तर शकूताई म्हणाल्या, "जिजा. मुलगी आहे हो." दर्शनाने फासा खाली ठेवला.

"मयूर, हे बोलतात ना?"

"बोलतात."

"मग विचारूया ना ह्यांना, इथे कशाला उभे केलेत ते."

घडीवांना बोलायला मयूरने एक वाक्यही लिहिलं नव्हतं. सुचेल ते तो बोलू लागला. जादूगार सुट्टी देत नाही, जेवण एकवेळचं, म्हणून सोपानदेवने गाऱ्हाणं मांडलं. मागून बायका भर घालत गेल्या. तास झाला, दोन झाले. खेळाडूंनी सातही जणांना सोडवून न्यायचं वचन दिलं. मोबाइल कोणी काढला नाही. हितेंद्र जिन्यातून कधी वर आला आणि स्टुलावर बसून घुगऱ्या खाऊ लागला, ते कोणाला कळलंच नाही.

शेवटी बाहेर पडताना दारात आडवा आला सरदार झॅरगॉथ. दर्शनाने सवयीने मागे वळून बघितलं. आठांपैकी एकीनेही चकार शब्द काढला नाही. दोन दानांत झॅरगॉथचे वीस प्राण संपले आणि घाईत मूर्ती टेबलावरून पडून तिचा हात मोडला. मयूरला ते फार लागलं. आठांतल्या त्या एकाचंच नाव त्याने ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी भांडायला कोणी नव्हतं.

"टेबल तुझं," हितेंद्र म्हणाला. "दर रविवारी. पण ह्या सगळ्या येणार ना?"

संध्याकाळी मयूर घरी आला तेव्हा आत्या वाटीत पाणी आणि शाडूचा गोळा घेऊन, दुकानातून उचलून आणलेल्या झॅरगॉथचा हात चिकटवत बसली होती.

"अगं, मेला तो."

"मातीचाच ना? ओली केली की धरते." तिने हात दाबून बसवला आणि मूर्तीचा कान तोंडाशी धरला. "ये इकडे. पाठीत घालायला दुसरं कोणी नाय. हळू घाल पण."

ती कुर्र करून काहीतरी पुटपुटली. मयूरने जपून दोन धपाटे घातले.

"काय ठेवलंस?"

"लवू," आत्या म्हणाली. मूर्तीकडेच बघत होती. "तुझ्यासाठी होता. तुझ्या आयशीन ऐकल्यान नाय. तिला मोर पायजे होता."

आत्या वाटी विसळायला गेली. मयूरने वही उघडली, झॅरगॉथवर काट मारली आणि लवू लिहिलं. पुढे प्राण, वीस. नियमाप्रमाणे बरोबर होतं. त्याने मोरीकडे एकदा बघून घेतलं आणि विसाचे चाळीस केले.