साळवे सरांचा उलटा हात

आमच्या शाळेत चहा आला की तो आधी साळवे सर तपासायचे. प्यायचे नाहीत, तपासायचे. शिपाई ट्रे ठेवायचा आणि सर प्रत्येक स्टीलच्या ग्लासला हाताची उलटी बाजू क्षणभर टेकवून निकाल द्यायचे. "हा घ्या बाई, पिण्यालायक झाला. मराठीवाले, तुम्ही थांबा. तुमचा अजून पेटलेला हाय." मराठीवाले म्हणजे मी. विज्ञान शिकवणाऱ्या या माणसानं मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही.

हे वेड चहापुरतं नव्हतं. दाराची कडी, नळ, फळा, उन्हात उभ्या स्कूटरची सीट, सगळ्यांना सरांचा उलटा हात लागायचा. दुपारी कधीकधी व्हरांड्यातल्या काळ्या दगडी भिंतीला हात टेकवून ते डोळे मिटून उभे राहायचे. जवळ गेलं की हळूच म्हणायचे, "बोलू नका. ऊब निघालीय. सकाळी पलीकडनं आत शिरली, आत्ता इकडं पोचतीय." मग मीही हात टेकवायचो. भिंतीच्या आतून कुणीतरी सावकाश चालत येतंय असं खरंच वाटायला लागायचं आणि तासाची घंटा कानावरून निघून जायची.

आमचं भांडण ठरलेलं होतं. हिवाळ्यात मी "दार लावा, थंडी आत येतेय" म्हटलं की सर वहीतून मान वर काढायचे. "थंडी येत नसती, मराठीवाले. ऊब जाती. थंडी नावाची चीजच नाय दुनियेत. जिथं ऊब जास्ती तिथनं ती निघती, कमी हाय तिथं जाती. दोन्हीकडं सारखं झालं की थांबती. बस, एवढाच कायदा!"

एकदा पुराव्यासाठी त्यांनी मला उठवलं. एक हात लोखंडी कपाटावर, दुसरा लाकडी खुर्चीवर ठेवायला लावला. मी म्हटलं, "कपाट जास्त गार आहे."

"रातभर दोघं याच खोलीत होते. कपाट काय एकटंच म्हैसमाळच्या डोंगरावर जाऊन आलं?" त्यांनी दोन्हींना तापमापी लावून दाखवली. आकडा सारखाच निघाला. "कपाट हावरं हाय. तुमच्या हातची ऊब गपकन ओढतं, म्हणून गार लागतं. लाकूड आळशी. घ्यायचं म्हणून हळूहळू घेतं."

वर्गात तर ते लग्नच लावायचे. "पंगतीत पत्रावळी कशा पुढं जात्यात? जो तो जागेवर बसून शेजाऱ्याच्या हातात देतो. तव्याच्या दांड्यात ऊब अशीच जाती, हातोहात. वरणाची बादली कशी येती? वाढपी स्वता चालत घेऊन येतो. पातेल्यातलं पाणी तसंच ऊब घेऊन खालनं वर जातं. आन् अक्षदा?"

"लांबून फेकतेत!" पोरं ओरडायची.

"व्हय! सूर्य अक्षदाच टाकतोय आपल्यावर. मधी कुणी लागत नाय."

त्या वर्षी एका मुलीनं पेपरात वहन, अभिसरण, प्रारण याऐवजी पत्रावळ, बादली आणि अक्षदा असं लिहिलं. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

क्रीडादिनाच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फापैकी अर्धा बादलीत ठेवून उरलेला त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंच्या सत्काराच्या लोकरी शालीत गुंडाळून ठेवला होता. बाई किंचाळल्याच. "अहो, शालीनं वितळेल की तो!" सर शांत होते. "शाल गरम नसती, बाई. ती फक्त दार लावून बसती. आतली ऊब भायेर जाऊ देत नाय, भायेरची आत येऊ देत नाय." बादलीतल्या बर्फाचं पाणी झालं, शालीतला बर्फ बराच शिल्लक राहिला. बाईंनी ती शाल पुन्हा पांघरली नाही, पण सरांना त्या मानायला लागल्या.

म्हणूनच सर निवृत्त झाले तेव्हा बाईंनी त्यांना दहावीच्या वर्गांसाठी मानधनावर थांबायची गळ घातली. सर ऐकेनात. "नाय जमणार. घरी प्रयोग चालू हाय." हे आम्हाला नवीन नव्हतं. मोठ्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते स्कूटरवरून घरी पळायचे, तेही "प्रयोग मांडून आलोय" म्हणतच. कसला प्रयोग, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांना मनवायला बाईंनी मला धाडलं.

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. संध्याकाळ झाली होती. दार वहिनींनी उघडलं. सर स्वयंपाकघरात चहा करत होते. मी आत डोकावलो. तव्याचा दांडा, कढईचे कान, झाकणाची मूठ, सगळ्यांवर गोधडीच्या चिंध्या शिवून बसवलेल्या होत्या. स्टीलच्या ग्लासांनाही तसेच अंगरखे होते.

"हसू नका," वहिनी म्हणाल्या. "सगळं ह्यांनीच शिवलंय. माझ्या बोटांतली जाणीव गेली, साखरेच्या आजारानं. एकदा तापलेला तवा उचलला आन् धरूनच उभी राह्यले. जळाल्याचा वास आला तवा कळलं." त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर जुना, गुळगुळीत डाग होता. "आता पायाचंबी तसंच. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायला गेले अनवाणी. फोड आले, तरी पत्ता नाय. तवापासनं ह्यांचा जीव शाळेत रमंना. पण तुम्ही न्या बाई ह्यांना! दिवसभर घरात नुसते हात लावीत फिरतेत."

मला एकदम आमचा चहाचा ट्रे आठवला. इतकी वर्षं आम्ही त्या हाताची थट्टा केली होती.

चहा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं, स्लॅब मात्र दिवसभर घेतलेलं हळूहळू परत करत होता. आभाळ विटकरी झालं होतं. गल्लीतले आवाज दुरून आल्यासारखे वाटत होते. सरांनी चप्पल काढली, ठिकठिकाणी वाकून जमिनीला उलटा हात लावला, एक जागा पसंत केली आणि तिथं सतरंजी दुमडून घातली. मग वहिनींना बसवलं. त्यांच्या ग्लासाला हात लावला, थांबले, पुन्हा लावला आणि मगच तो त्यांच्या हातात दिला.

चहा झाल्यावर वहिनींचा डागाचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. मी बसलोय हे बहुतेक विसरले होते.

"कळतं का काही, वहिनी?" मी न राहवून विचारलं.

"हाताला नाय कळत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरांचा तो उलटा हात उचलला आणि स्वतःच्या गालाला लावला. "इथं कळतं."

सरांनी हात तिथंच राहू दिला. मी ज्या कामाला गेलो होतो ते काढलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि अंधार पडत होता, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी विचारलं, "काय म्हणतात सर? येताहेत ना?"

"नाही. प्रयोग चालू आहे," मी म्हटलं.

बाई हसल्या. इतक्यात चहा आला. कुणी हात लावून पाहिला नाही, आणि माझी जीभ पोळली.